मोंढ्याची पट्टी आणि बेसिकच्या नऊ ओळी

एकाच नमुन्याचा कागद ज्याला दिवसातून पन्नास वेळा छापावा लागतो, त्याने तयार पॅकेजच्या मागे लागण्याआधी बेसिक भाषेतली एलप्रिंट ही एक आज्ञा शिकून घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. बीड जिल्ह्यात अशा कागदांना तोटा नाही. माजलगाव, गेवराई, परळीच्या मोंढ्यात शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी, जिनिंगच्या दारातली काटापावती, आष्टी-पाटोद्याकडच्या दूध संकलनाची चिठ्ठी, आणि दसऱ्याच्या आसपास मुकादमाने कोयत्याला, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोडप्याला, दिलेल्या उचलीची पोच. या सगळ्या कागदांचा सांगाडा ठरलेला असतो. नाव, तारीख, वजन किंवा रक्कम, कपात, निव्वळ आकडा. बदलतात फक्त पाच-सहा आकडे. तेवढ्यासाठी वर्षाला पैसे भरायला लावणारे, साठा-ताळेबंद-जीएसटी असा सगळा संसार पोटात घेतलेले पॅकेज म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय त्या पॅकेजमध्ये ‘तोलाई’ची रांग एक घर खाली सरकवायची असली तरी बीडहून किंवा संभाजीनगरहून माणूस येईपर्यंत थांबावे लागते. खर्चापेक्षाही हे थांबणे मला जास्त खटकते. पावतीचा नमुना ज्याच्या धंद्याचा आहे, तो बदलण्याची किल्लीही त्याच्याकडेच असली पाहिजे, आणि ती मिळवायला अभियंता असावे लागत नाही.

असे ठामपणे म्हणता येते याचे कारण प्रिंटरच्या घडणीत आहे. मोंढ्यात आणि वजनकाट्यावर अजून टिकून असलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हा मुळात आकडे ऐकणारे यंत्र आहे. संगणकाकडून त्याला एकेक आकडा मिळतो, ० ते २५५ मधला. ६५ आला की तो इंग्रजी ‘ए’ ठोकतो, ६६ आला की ‘बी’. ३२ च्या खालचे आकडे अक्षरांसाठी नसून हुकमांसाठी राखलेले आहेत. १० म्हणजे कागद एक ओळ वर, १३ म्हणजे डोके डाव्या कडेला, १२ म्हणजे पुढच्या पानाच्या माथ्यावर. आणि २७ हा आकडा आला की प्रिंटर समजतो, पुढचा आकडा छापायचा नाही, पाळायचा आहे. २७ नंतर ६९ आले तर जाड छपाई सुरू, २७ नंतर ७० आले तर बंद. हुकमांची ही पद्धत एप्सनने रूढ केली. १९८० सालच्या एमएक्स-८० या प्रिंटरने ती जगभर पोचवली आणि बाकीच्या कंपन्यांना तिच्या मागे जाणे भाग पडले. आपल्याकडचे टीव्हीएसचे एमएसपी मालिकेतले प्रिंटरही हीच भाषा ऐकतात, आणि आज नवा घेतलेला एप्सन एलएक्स-३१० सुद्धा तीच. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला हुकूम आजच्या यंत्रावर जसाच्या तसा चालतो. संगणकाच्या जगात असा टिकाऊपणा क्वचितच सापडतो, म्हणून इथे घातलेली मेहनत वाया जाण्याची भीती कमी.

बेसिकचे वैशिष्ट्य हे की तिच्यात आणि प्रिंटरमध्ये मध्यस्थ जवळजवळ नसतो. १ मे १९६४ रोजी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची ही भाषा पहिल्यांदा चालली, ती गणित-विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा म्हणून. आपल्याकडे १९८४-८५ च्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले, तेव्हा मुलांनी शिकलेली भाषा हीच होती. पुढे डॉसच्या संगणकांबरोबर जीडब्ल्यू-बेसिक आणि क्यूबेसिक फुकट येत असे. तिच्यात प्रिंट म्हटले की पडद्यावर उमटते, आणि आधी एल लावून एलप्रिंट म्हटले की कागदावर. सीएचआर डॉलर या कार्याला कंसात आकडा दिला की तोच आकडा प्रिंटरकडे जातो. एवढ्या दोन गोष्टींवर पट्टी उभी राहते. खाली नमुना दिला आहे. वाचायला सोपे जावे म्हणून आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या.

१० डेफडीबीएल ए-झेड: विड्थ "एलपीटी१:",२५५
२० एलप्रिंट सीएचआर$(२७);सीएचआर$(६४);सीएचआर$(२७);सीएचआर$(६७);सीएचआर$(२४);
३० इनपुट "वजन, भाव, कपात";व्ही,बी,के
४० ए=इंट(व्ही*बी*१००+.५)/१००
५० एलप्रिंट: एलप्रिंट: एलप्रिंट
६० एलप्रिंट एसपीसी(५०);: एलप्रिंट यूझिंग "#######.##";ए
७० एलप्रिंट एसपीसी(५०);: एलप्रिंट यूझिंग "#######.##";के
८० एलप्रिंट सीएचआर$(२७);सीएचआर$(६९);एसपीसी(५०);: एलप्रिंट यूझिंग "#######.##";ए-के
९० एलप्रिंट सीएचआर$(२७);सीएचआर$(७०);सीएचआर$(१२);: गोटू ३०

विसाव्या ओळीपासून पाहू. २७ आणि ६४ मिळून प्रिंटरला सांगतात की आधीच्या कुणी लावलेले सगळे विसर आणि कोऱ्या पाटीने सुरुवात कर. त्यामागचे २७, ६७ आणि २४ हे पानाची लांबी चोवीस ओळींची ठरवतात. बाजारात मिळणारा सलग घडीचा कागद बहुधा बारा इंच लांबीचा असतो, आणि प्रिंटर एका इंचात सहा ओळी बसवतो. बारा इंचात बहात्तर ओळी. त्याचे तीन तुकडे केले की चार इंचांची, चोवीस ओळींची पट्टी निघते. एकदा ही लांबी सांगून ठेवली की नव्वदाव्या ओळीतला १२ हा आकडा कागद बरोबर पुढच्या पट्टीच्या माथ्यावर नेऊन सोडतो, मग मधल्या ओळी दोन असोत की दहा. अट एकच. विसावी ओळ चालते त्या क्षणी डोके कागदाच्या जिथे असेल, तीच जागा प्रिंटर ‘माथा’ म्हणून धरून ठेवतो. म्हणून कागद आधी नीट लावायचा, छिद्रांची रेघ डोक्याच्या वर आणायची आणि मगच प्रोग्राम सुरू करायचा. ही ओळ प्रत्येक पट्टीला पुन्हा पाठवण्याचा मोह टाळावा; कागद मध्येच हाताने एक ओळ सरकवलेला असला तर तिथून पुढचा सगळा गठ्ठा तेवढाच सरकून छापला जातो, आणि दोष प्रिंटरच्या दात्यांवर येतो.

एसपीसी वापरण्यामागेही कारण आहे. पुस्तकांत बहुतेक ठिकाणी टॅब सापडेल, आणि साध्या मजकुराला ते ठीकही आहे. पण बेसिक आपण ओळीच्या कितव्या घरात आहोत हे स्वतः मोजत असते, आणि जाड छपाईच्या हुकमातला ६९ हा आकडा तिला ‘ई’ हे अक्षरच वाटतो. प्रिंटरने काही छापलेले नसते, बेसिकने मात्र एक घर मोजलेले असते. टॅबने लावलेली निव्वळ रक्कम मग बाकीच्या आकड्यांच्या एक घर डावीकडे पडते. एसपीसी मात्र मोजून तेवढ्या मोकळ्या जागा सोडते, मागचा हिशेब पाहत नाही. दहाव्या ओळीतला २५५ हाही असाच उपाय आहे. तो नसेल तर ऐंशी घरे झाली असे समजून बेसिक मध्येच आपल्या मनाने ओळ तोडते. बारीक छपाईत, म्हणजे १५ हा आकडा पाठवून एका ओळीत सव्वाशेच्या वर अक्षरे बसवताना, हा त्रास लगेच दिसतो. (१८ पाठवले की बारीक छपाई थांबते.) सगळ्या ओळींमध्ये एकेक ओळ रिकामी पडत असेल तर मात्र प्रोग्राममध्ये शोधू नका, प्रिंटरची ‘ऑटो लाइन फीड’ची कळ चालू राहिलेली असते. बेसिक स्वतः १३ मागे १० पाठवते, प्रिंटर आणखी एक घालतो.

खरी जोखीम छपाईत कमी आणि बेरजेत जास्त आहे, आणि पट्टीच्या बाबतीत तीच महत्त्वाची. बेसिकमध्ये चलाला काही विशेष सांगितले नाही तर ते एकेरी अचूकतेचे धरले जाते. छोट्या आकड्यांना ते पुरते. पण १,३१,०७२ रुपयांच्या पुढे अशा चलाला दीड पैशाहून बारीक फरक कळतच नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. सतरा क्विंटल गाडीत असले की ही मर्यादा ओलांडली जाते. एका पट्टीत पैशाचा फरक कुणी पाहणार नाही, पण दिवसअखेरची बेरीज आणि पट्ट्यांची बेरीज जुळली नाही की मुनीम रात्री नऊपर्यंत बसून राहतो. डेफडीबीएल ए-झेड ही आज्ञा सगळी चले दुहेरी अचूकतेची करते आणि हा प्रश्न संपतो. चाळिसावी ओळ रक्कम पैशापर्यंत नीट गोल करते. तीच रक्कम पुढे वजाबाकीत घेतल्यामुळे छापलेला आकडा आणि हिशेबातला आकडा वेगळे राहत नाहीत. उदाहरण घ्या: १८.४५ क्विंटल सोयाबीन, भाव ५,३२८. उत्तर ९८,३०१.६० यायला हवे. नवा प्रोग्राम हातात आला की अशी चार-सहा उदाहरणे आधी कागदावर सोडवून मग संगणकाला विचारावीत. आकडे टंकताना स्वल्पविराम घालायचा नाही, हेही काउंटरवरच्या माणसाला बजावून ठेवा. इनपुट ही आज्ञा स्वल्पविरामाला ‘पुढचा आकडा’ समजते. १,२०० टंकले की वजन एक आणि भाव दोनशे व्हायचा.

आणखी दोन ठिकाणी बेसिकची अमेरिकन सवय आडवी येते. पहिले, तारीख. डेट डॉलर महिना आधी देते आणि दिवस नंतर. पाच ऑगस्टची पट्टी ०८-०५ अशी छापली गेली तर वाचणारा तिला आठ मे समजेल, आणि उचलीच्या पोचेवर तो तीन महिन्यांचा फरक साधा नाही. मिड डॉलरने चौथ्या घरापासूनची दोन अक्षरे आधी घ्यावीत, मग लेफ्ट डॉलरने पहिली दोन, शेवटी राइट डॉलरने वर्षाची चार. दुसरे, लाखांचे स्वल्पविराम. यूझिंगच्या साच्यात स्वल्पविराम घातला तर तो दर तीन आकड्यांनी पडतो. १,९०,३४१ च्या जागी १९०,३४१ दिसते. आपल्या माणसाला ते पटकन वाचता येत नाही, आणि रक्कम वाचायला अडखळलेला शेतकरी साहजिकच संशय घेतो. उपाय पाच-सहा ओळींचा आहे. रुपयांचा पूर्णांक एसटीआर डॉलरने अक्षरमालेत बदलायचा (पुढची मोकळी जागा काढून टाकायची, ती चिन्हासाठी असते), शेवटचे तीन आकडे वेगळे ठेवायचे, उरलेल्यांतून मागून दोन-दोन आकडे तोडत त्यांच्यामागे स्वल्पविराम लावत जायचा. हा तुकडा एकदा लिहून शेवटी गोसबखाली ठेवला की सगळ्या प्रोग्रामांना चालतो.

आता हरकती. सर्वांत रास्त हरकत मराठीची. पट्टी ज्याच्या हातात जायची तो इंग्रजी वाचत नसेल, तर इंग्रजी ‘टोटल’ छापून काय साधले? जीडब्ल्यू-बेसिकला देवनागरी कळत नाही हे खरे. पण छापखान्याला कळते. आडत दुकानाचे नाव, ‘वजन’, ‘भाव’, ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘निव्वळ रक्कम’ हे सगळे मथळे छापून घेतलेला घडीचा कागद मागवायचा आणि प्रोग्रामने त्या चौकटीत फक्त आकडे भरायचे. वरच्या नमुन्यात एकही शब्द छापलेला नाही तो याच हिशेबाने. इनपुटच्या प्रश्नातले शब्द पडद्यापुरते आहेत. ते इंग्रजी अक्षरांत मराठी उच्चाराने लिहिले तरी भागते. शेतकऱ्याचे नाव हाताने लिहिले तरी बिघडत नाही. सहीला पेन काढावे लागतेच.

ज्याला हौस आहे त्याने मात्र प्रिंटरकडून देवनागरी अक्षर ठोकून घ्यावे, कारण डोक्यातल्या सुया काय करतात हे त्याशिवाय कळत नाही. नऊ सुयांपैकी वरच्या आठ चित्रासाठी वापरता येतात. सर्वांत वरच्या सुईचा भाव १२८, मग खाली ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि तळाशी १. ज्या सुया ठोकायच्या त्यांच्या भावांची बेरीज पाठवायची. फक्त १२८ पाठवत राहिलात तर वरची एकच सुई ठोकली जाते आणि शिरोरेघ उमटते. २५५ पाठवले तर आठही सुया एकदम, म्हणजे उभा दंड. यावरून काना झाला १२८, २५५, १२८. ‘प’ हे अक्षर होते १२८, २४०, १३६, १३६, १३६, २५५, १२८. यातला २४० डावीकडची उतरती रेघ, तीन वेळा आलेला १३६ म्हणजे शिरोरेघ आणि तिच्याखाली पोटाची आडवी रेघ, शेवटी दंड. आधी २७, ७५, मग स्तंभांची संख्या आणि ०, आणि त्यामागे हे आकडे. ‘प’, काना आणि पुन्हा ‘प’ मिळून सतरा स्तंभ झाले, तेव्हा २७, ७५, १७, ०. अशा रीतीने ‘पाप’ हा शब्द सात मिलिमीटर रुंदीत अगदी सुबक छापला जातो. पुण्याचा शब्द छापायला जास्त कष्ट पडतात, कारण उकार शिरोरेघेच्या खाली फार उतरतो; वेलांटीच्या शब्दांत वेलांटी वर चढते. तेव्हा एका ओळीचे काम दोन फेऱ्यांत करावे लागते. नऊ सुयांच्या प्रिंटरवर २७, ६५, ८ पाठवून ओळींमधले अंतर बरोबर आठ ठिपक्यांचे केले की वरची फेरी आणि खालची फेरी एकमेकींना चिकटतात. ‘पोच’, ‘उचल’, ‘जमा’ असे चार-पाच शब्द या रीतीने चौकोनी वहीवर आखून डेटा ओळींत साठवून ठेवता येतात. त्यात १३ हा आकडा येऊ देऊ नका. बेसिक त्याच्यामागे आपणहून १० घालते आणि अक्षराचे दोन तुकडे होतात. एक ठिपका इकडे-तिकडे करून १२ किंवा १५ वापरा. सगळ्या गावाची नावे मात्र या पद्धतीने छापायला बसणे शहाणपणाचे नाही.

दुसरी हरकत: एक्सेल घरोघर असताना हा खटाटोप कशाला? एक्सेलमध्ये पट्टी नक्की होते. पण एक्सेल पानाचे चित्र तयार करून पाठवते, आणि डॉट मॅट्रिक्स ते चित्र ठिपक्या-ठिपक्याने, रेघ रेघ करत काढतो. बेसिकने पाठवलेली अक्षरे तो आपल्या पोटातल्या साच्यातून ठोकतो, म्हणून काही क्षणांत पट्टी बाहेर पडते. सोयाबीनच्या हंगामात दारात ट्रॅक्टरांची रांग असताना हा फरक पंख्याखाली बसलेल्याला नसेल, रांगेतल्याला नक्की जाणवतो. एक्सेलची दुसरी अडचण अशी की चुकून एखाद्या घरातले सूत्र पुसले गेले तर कळतच नाही, आकडा दिसत राहतो. प्रोग्राममध्ये सूत्र आणि आकडे वेगळ्या जागी राहतात. आणि बेसिकच का, पायथन का नको? ज्याला पायथन येते त्याने खुशाल पायथन वापरावे. २७ आणि ६९ त्यातूनही तसेच जातात. ज्याला कुठलीच भाषा येत नाही, त्याला मात्र ओळीला क्रमांक देऊन, एकेक ओळ चालवून, लगेच कागदावर परिणाम पाहायला देणारी बेसिकइतकी सरळ वाट मला दिसत नाही.

तिसरी हरकत प्रिंटरची. घरी लेसर प्रिंटर असेल तर हे चालेल का? बहुधा नाही, आणि हे घेण्याआधीच समजून घ्यावे. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारे एचपी लेसरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० ही यंत्रे स्वतः अक्षर जाणत नाहीत. पानाचे चित्र विंडोजमधल्या ड्रायव्हरने तयार करून द्यावे लागते. त्यांना नुसता ६५ पाठवला तर ‘ए’ येत नाही, काहीच येत नाही. काउंटरवरचे छोटे थर्मल प्रिंटर मात्र अक्षर जाणतात आणि त्यांचे हुकूमही या कुळातलेच आहेत. २७, ६४ तिथेही पाटी कोरी करते. जाड छपाईला २७, ६९ च्या मागे १ आणि बंद करायला ० जोडावा लागतो. अठ्ठावन्न मिलिमीटरच्या गुंडाळीवर बत्तीस अक्षरे बसतात, ऐंशीच्या गुंडाळीवर अठ्ठेचाळीस. दूध संकलनाच्या रोजच्या चिठ्ठीला हे पुरेसे आहे, कारण तिचा हिशेब दहा दिवसांत मिटतो. उचलीच्या पोचेला ते चालणार नाही. थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. बीडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेली किंवा खिशात घामाने भिजलेली चिठ्ठी काही महिन्यांत वाचता येत नाही. उचल दसऱ्याला घेतली जाते आणि तिचा हिशेब कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर होतो. शिवाय थर्मलला एकच प्रत निघते. डॉट मॅट्रिक्सच्या सुया खरोखर आदळतात, म्हणून कार्बनने खालच्या प्रतीही त्याच ठोक्यात उमटतात. एलएक्स-३१० मूळ प्रतीखाली आणखी चार काढतो. मुकादमाच्या वहीत एक आणि कोयत्याच्या हातात एक, दोन्हींवर तोच आकडा आणि तोच क्रमांक, ही गोष्ट ऊसतोडीच्या हिशेबात लहान नाही. आज तो हिशेब बहुतेक ठिकाणी एकाच वहीत असतो आणि ती वही एकाच माणसाकडे असते.

जीएसटीच्या बिलाला हा मार्ग सुचवणार नाही. तिथे दराच्या फोडी, एचएसएन क्रमांक, विवरणपत्राशी जुळणी असा पसारा असतो आणि नियम बदलत राहतात. तिथे पॅकेजचे पैसे वसूल होतात. खत-बियाण्यांच्या बिलांचेही तसेच. पट्टी, पोच, चिठ्ठी यांच्यापुरतेच माझे म्हणणे आहे.

जोडणीचे थोडक्यात सांगतो. जुना संगणक, डॉस आणि मागे पंचवीस टाचण्यांचे समांतर पोर्ट असेल तर वरचा प्रोग्राम जसाच्या तसा चालतो. आजच्या ६४-बिट विंडोजवर जुने जीडब्ल्यू-बेसिक उघडतच नाही. त्यासाठी पीसी-बेसिक हा फुकट मिळणारा पर्याय आहे; जुने प्रोग्राम तो तसेच चालवतो. प्रिंटर यूएसबीवर असेल तर सर्वांत भरवशाची युक्ती अशी: पीसी-बेसिकला सांगायचे की एलपीटी१ वरचे सगळे एका फाईलमध्ये उतरव. विंडोजमध्ये प्रिंटर ‘शेअर’ करून त्याला छोटे नाव द्यायचे. मग कॉपी या डॉसच्या आज्ञेला स्लॅश बी जोडून ती फाईल त्या शेअरवर पाठवायची. स्लॅश बी विसरू नये. त्यानेच फाईलमधले आकडे बदल न होता प्रिंटरपर्यंत जातात. नोटपॅडमधून छापले तर २७ आणि त्याची भावंडे वाटेतच गळतात. लिनक्सवर याच कामाला एलपी आज्ञेला ‘रॉ’ हा पर्याय द्यायचा. काहीही विपरीत छापले जात असेल तर प्रिंटरच्या पुस्तिकेत ‘हेक्स डंप’ शोधा. एप्सनच्या जुन्या एलएक्स प्रिंटरांत लाइन फीड आणि फॉर्म फीड ही दोन्ही बटणे दाबून वीज चालू केली की आलेला प्रत्येक आकडा प्रिंटर हुकूम न पाळता नुसता छापून दाखवतो. चूक प्रोग्रामची की तारेची, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

शेवटचा मुद्दा क्रमांकाचा. नमुन्यात तो मुद्दाम घातलेला नाही, पण त्याशिवाय पट्टीला कुणी विचारणार नाही. क्रमांक प्रोग्राममध्ये ठेवला तर वीज गेली की तो पुन्हा एकपासून सुरू होतो, म्हणून तो एका छोट्या फाईलमध्ये साठवावा लागतो. ती फाईल आधी लिहायची की पट्टी आधी छापायची, यावर विचार केलेला बरा. पट्टी आधी छापली आणि फाईल लिहिण्याआधी वीज गेली, तर वीज आल्यावर दुसऱ्या शेतकऱ्यालाही तोच क्रमांक जाईल. फाईल आधी लिहिली आणि छापण्याआधी वीज गेली, तर एक क्रमांक नुसता गळेल. गळलेल्या क्रमांकापुढे वहीत ‘वीज गेली’ असे लिहून सही करता येते. एकाच क्रमांकाच्या दोन पट्ट्यांचा खुलासा कुणाला पटत नाही. म्हणून फाईल नेहमी आधी. कागद संपला तर बेसिक २७ क्रमांकाची चूक दाखवून थांबते, प्रिंटर बंद असेल तर २४ किंवा २५ क्रमांकाची. ऑन एरर गोटू लावून या तिन्ही वेळी पडद्यावर कागद-प्रिंटर तपासायला सांगावे आणि मग रिझ्यूमने परत जावे. फाईलच्या वाटेने छापणाऱ्याला या चुका बेसिकमध्ये दिसणार नाहीत, त्याने प्रिंटरच्या दिव्यावर नजर ठेवावी. अर्धवट छापलेली पट्टी फाडून न टाकता आडवी रेघ मारून गठ्ठ्यात ठेवायची. आणि तीच पट्टी पुन्हा छापण्याची सोय ठेवणार असाल तर पुन्हा छापलेल्या कागदावर ‘दुसरी प्रत’ हे शब्द प्रोग्रामनेच छापले पाहिजेत, ते काउंटरवरच्या माणसाच्या आठवणीवर सोडू नयेत. ‘दुसरी’ची वेलांटी आखायला कंटाळा आला तर इंग्रजी ‘डी’ हे एकच अक्षर रुंद करून, म्हणजे आधी १४ पाठवून, क्रमांकाशेजारी ठोकले तरी चालेल. १४ चा परिणाम त्या ओळीपुरताच राहतो, तो बंद करायला वेगळा हुकूम लागत नाही.